करवंटीचे उपयोग किती?

जून उजाडला की बोटांचे ठसे घेऊन मुलाची सुप्त प्रतिभा सांगणाऱ्या 'डीएमआयटी'च्या जाहिराती सुरू होतात. ठशांच्या रेषा बाळ पोटात असतानाच उमटतात आणि जन्मभर तशाच राहतात. त्यावरून चित्रकला की गणित, हे कळत नाही. तळहाताऐवजी बोटांची टोकं पाहणारं हे ज्योतिषच. फक्त कुंडलीऐवजी रंगीत रिपोर्ट मिळतो.

मुलाची कल्पकता जोखायला त्यापेक्षा जे. पी. गिलफर्ड या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाची रीत बरी: साध्या विटेचे सुचतील तेवढे उपयोग सांगा. आपण करवंटी घेऊ. 40 मुलांना कोऱ्या चिठ्ठ्या वाटा, 8 मिनिटं द्या आणि एकही उदाहरण देऊ नका. फळ्यावर 'पणती' लिहिलीत की वाटी, कुंडी, पेला अशी भांडीच येत राहतात.

खरी गंमत उत्तरांच्या क्रमात आहे. आधी जळण, डाव, पणती येतात, कारण करवंटी म्हटलं की स्मृतीत तेच हाताशी असतं. तो साठा संपला की मूल पेन चावत बसतं. बरेच शिक्षक नेमक्या इथेच चिठ्ठ्या गोळा करतात! खरं तर आता मूल करवंटीचं नाव बाजूला ठेवून तिचे गुण चाचपू लागतं: कडक, पोकळ, पाण्यावर तरंगणारी, आपटली की टॉक वाजणारी. मग दोन करवंट्यांतून घोड्याच्या टापा निघतात. ओढ्यात सोडून पाण्याचा वेग मोजता येतो. उशिरा सुचलेल्या कल्पना सहसा अधिक वेगळ्या असतात, हे 1957 पासून प्रयोगांत दिसत आलं आहे.

गटात बसवून 'सुचेल ते बोला' म्हणणं दिसायला उत्साही, पण तोट्याचं. एक बोलतो तेव्हा बाकीचे थांबतात आणि थांबता थांबता स्वतःचं विसरतात. तेवढीच मुलं एकेकटी लिहायला बसवली तर एकूण कल्पना जास्त निघतात. म्हणून आधी चिठ्ठी, मग चर्चा.

जे उत्तर 40 पैकी दोनच किंवा त्याहून कमी चिठ्ठ्यांवर असेल, त्याला नावीन्याचा 1 गुण. यात एक फट आहे: 20 उत्तरं खरडणाऱ्याला हे गुण आपसूक जास्त मिळतात. त्यावर उपाय म्हणजे प्रत्येकाने आपली सर्वांत आवडती दोनच उत्तरं अधोरेखित करायची आणि गुण तेवढ्यांनाच. नाव मात्र चिठ्ठीच्या मागे लिहून घ्या. नाहीतर पहिल्या बाकावरच्या मुलाची पणतीही नवीन वाटू लागते.