सर्व्हरसाठी स्थिर लिनक्स वितरणाची निवड

लिनक्स कर्नल (प्रणालीचा गाभा), मूलभूत लायब्ररी (प्रोग्रॅमना सामाईक लागणारे कोड), सेवा चालवणारे प्रोग्रॅम आणि हे सारे बसवण्याची व अद्ययावत ठेवण्याची यंत्रणा एकत्र बांधून वापरकर्त्यांना जो संच दिला जातो, त्याला लिनक्स वितरण किंवा बोलीभाषेत डिस्ट्रो म्हणतात. वेब, ईमेल, डेटाबेस अशा सेवा अखंड पुरवणाऱ्या सर्व्हरसाठी वितरण निवडताना स्थिरता हा पहिला निकष मानला जातो. प्रसिद्ध झालेल्या आवृत्तीतील पॅकेजांचे (प्रोग्रॅमच्या तयार संचांचे) वर्तन, कॉन्फिगरेशन फायलींची रचना आणि लायब्ररींचे इंटरफेस त्या आवृत्तीचा आधारकाळ संपेपर्यंत शक्यतो बदलत नाहीत आणि सुरक्षेच्या त्रुटी मात्र वेळेवर दुरुस्त होत राहतात, तेव्हा त्या वितरणाला स्थिर म्हटले जाते. त्यामुळे ही निवड प्रत्यक्षात एका आश्वासनाची असते: दुरुस्ती कोण करणार, किती वर्षे करणार आणि ते आश्वासन मोडल्यास सर्व्हर सांभाळणाऱ्यापुढे कोणता मार्ग उरणार, हे त्यात तपासावे लागते.

काहीही बदलू नये आणि तरीही सर्व काही सुरक्षित राहावे, या दोन अपेक्षा परस्परविरोधी आहेत. त्यांचा मेळ बॅकपोर्टिंगने घातला जातो. मूळ प्रकल्पाने एखादी त्रुटी नव्या आवृत्तीत दुरुस्त केली, की वितरणाचे देखभालकर्ते त्यातील दुरुस्तीचा तेवढाच भाग वेगळा काढून आपल्याकडील जुन्या आवृत्तीत बसवतात. ७ एप्रिल २०१४ रोजी ओपनएसएसएल या संदेश कूटबद्ध करणाऱ्या लायब्ररीतील हार्टब्लीड ही त्रुटी उघड झाली आणि मूळ प्रकल्पाने १.०.१जी ही दुरुस्त आवृत्ती दिली. डेबियन ७ आणि रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स ६ या वितरणांनी मात्र १.०.१ई हीच आवृत्ती कायम ठेवून तिच्यात दुरुस्ती घातली आणि पॅकेजच्या क्रमांकाचा केवळ शेवटचा भाग बदलला. म्हणूनच निव्वळ आवृत्तीक्रमांक पाहून त्रुटी शोधणारी साधने स्थिर वितरणांवर पुष्कळदा खोटा इशारा देतात. खरी स्थिती वितरणाच्या सुरक्षा सूचनांवरूनच ताडून पाहावी लागते.

डेबियन हे या पद्धतीचे सर्वांत उघड्यावर चालणारे उदाहरण आहे. इयन मर्डॉक यांनी १९९३ मध्ये सुरू केलेला हा प्रकल्प कोणत्याही कंपनीच्या मालकीचा नसून स्वयंसेवक तो चालवतात. नवे पॅकेज प्रथम ‘अनस्टेबल’ शाखेत येते; ठरावीक दिवस उलटले आणि प्रकाशन अडवण्याइतकी गंभीर नवी त्रुटी आढळली नाही, तरच ते ‘टेस्टिंग’मध्ये जाते. साधारण दोन वर्षांनी टेस्टिंग शाखा टप्प्याटप्प्याने गोठवली जाते आणि उरलेल्या गंभीर त्रुटी निस्तरल्यावर तिलाच ‘स्टेबल’ म्हणून प्रसिद्ध केले जाते. जून २०२३ मधील डेबियन १२ आणि ऑगस्ट २०२५ मधील डेबियन १३ या आवृत्त्या याच मार्गाने आल्या. प्रत्येक आवृत्तीला तीन वर्षे नियमित सुरक्षा आधार मिळतो आणि त्यापुढे वेगळा दीर्घकालीन आधार गट एकूण पाच वर्षांपर्यंत दुरुस्त्या पुरवतो.

या संथपणाचे मोल मार्च २०२४ मध्ये दिसले. एक्सझेड या फायलींचा आकार घटवणाऱ्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत मुद्दाम पेरलेले छुपे दार, म्हणजे गुपचूप शिरकाव करण्याची वाट होती. सर्व्हरवर दुरून सुरक्षित लॉगिन करू देणारा ओपनएसएसएच हा प्रोग्रॅम स्वतः त्या साधनाच्या लायब्ररीवर अवलंबून नसते. परंतु काही वितरणांनी सिस्टीमडी या सेवा सुरू करणाऱ्या व सांभाळणाऱ्या यंत्रणेशी जुळवून घेण्यासाठी केलेल्या फेरफारामुळे ती लायब्ररी एसएसएच सेवेत ओढली जात होती. पोस्टग्रेसक्यूएल या डेटाबेसचे विकासक आंद्रेस फ्रॉइंड यांना डेबियनच्या अनस्टेबल शाखेवर काम करताना लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागत असल्याचे जाणवले आणि त्या मागावर जाऊन त्यांनी २९ मार्च रोजी हे दार उघडकीस आणले. तोवर ते डेबियनच्या अनस्टेबल आणि टेस्टिंग शाखांत पोहोचले होते, स्टेबलमध्ये आणि रेड हॅटच्या एंटरप्राइज आवृत्त्यांत पोहोचले नव्हते. येथे स्थिर शाखेने धोका ओळखला नाही. तो ओळखण्याइतका अवधी मात्र मिळवून दिला. अस्थिर शाखा रोज वापरणाऱ्यांवर स्थिर शाखेची सुरक्षितता किती अवलंबून असते, याकडे निवड करणाऱ्यांचे सहसा लक्ष जात नाही आणि ते जायला हवे.

वितरणाने मूळ प्रोग्रॅममध्ये केलेले फेरफार स्वतःच धोकादायक ठरल्याचेही उदाहरण आहे आणि तेही डेबियनचेच. स्मृतीच्या वापराविषयी एका तपासणी साधनाने दिलेला इशारा बंद करण्यासाठी २००६ मध्ये ओपनएसएसएलच्या पॅकेजमधील काही ओळी निष्क्रिय करण्यात आल्या. परिणामी यादृच्छिक संख्या प्रोसेसच्या क्रमांकावरच अवलंबून राहू लागल्या आणि एका प्रकारच्या व लांबीच्या एसएसएच किल्ल्यांसाठी एका संगणकरचनेवर जेमतेम ३२,७६८ पर्याय उरले. मे २००८ मध्ये ही चूक जाहीर झाली आणि त्या काळात तयार झालेल्या असंख्य किल्ल्या बदलाव्या लागल्या. प्रकल्पाने ती स्वतःच्या सूचनेतून प्रांजळपणे जाहीर केली, ही बाब वितरणाचा विश्वास मोजताना महत्त्वाची आहे.

व्यावसायिक आश्वासनाचा प्रमुख नमुना रेड हॅट या कंपनीचे रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स हा आहे. त्याच्या मुख्य आवृत्तीला साधारण दहा वर्षे आधार मिळतो. जून २०१४ मध्ये आलेल्या सातव्या आवृत्तीने ३.१० हे कर्नल जून २०२४ पर्यंत टिकवले; क्रमांक तोच राहिला, पण आत अनेक ड्रायव्हर आणि दुरुस्त्या बॅकपोर्ट होत गेल्या. ओरॅकल डेटाबेस किंवा एसएपी यांसारखी उत्पादने ठरावीक वितरणांवरच प्रमाणित असल्यामुळे मोठ्या संस्थांपुढे रेड हॅट, सुसे किंवा त्यांच्या तोडीचे असे मोजकेच पर्याय राहतात.

सशुल्क सदस्यत्व न घेता हीच सुसंगतता हवी असणाऱ्यांसाठी रेड हॅटच्या खुल्या स्रोतावरून २००४ पासून सेंटओएस बांधले जात असे. २०१४ मध्ये हा प्रकल्प रेड हॅटच्या छत्राखाली आला. सेंटओएस ८ ला २०२९ पर्यंत आधार मिळेल या भरवशावर अनेकांनी सर्व्हर उभारले. ८ डिसेंबर २०२० रोजी मात्र तो २०२१ च्या अखेरीस संपेल, असे जाहीर झाले. सेंटओएस स्ट्रीम हा पुढे आलेला पर्याय रेड हॅटच्या पुढील उपआवृत्तीच्या आधी चालतो, त्यामुळे तो जुन्या सेंटओएसची जागा भरून काढत नाही. ती जागा २०२१ मध्ये अल्मालिनक्स आणि सेंटओएसच्या एका संस्थापकाने सुरू केलेले रॉकी लिनक्स यांनी घेतली. जून २०२३ मध्ये रेड हॅटने आपल्या आवृत्त्यांचा स्रोत सार्वजनिकरीत्या देणे थांबवले, तेव्हा अल्मालिनक्सने तंतोतंत प्रतिकृतीचे ध्येय सोडून बायनरी सुसंगतता, म्हणजे रेड हॅटसाठी बांधलेले प्रोग्रॅम जसेच्या तसे चालावेत, हे ध्येय स्वीकारले. तांत्रिकदृष्ट्या निर्दोष असलेल्या आवृत्तीचे आयुष्य प्रशासकीय निर्णयाने सात वर्षांहून अधिक काळाने कमी होऊ शकते, हे या प्रकरणाने दाखवले. वितरणाच्या तांत्रिक गुणांइतकीच त्याची मालकी आणि निर्णयप्रक्रियाही तपासली पाहिजे.

उबुंटू दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये दीर्घकालीन आधार आवृत्ती देते आणि तिला पाच वर्षे विनाशुल्क आधार असतो. हा आधार प्रामुख्याने ‘मेन’ या विभागातील पॅकेजांना लागू आहे. ‘युनिव्हर्स’मधील पॅकेजांची सुरक्षा दुरुस्ती स्वयंसेवक समुदायाच्या सवडीवर किंवा उबुंटू प्रो या वेगळ्या सदस्यत्वावर अवलंबून असते. रेड हॅटच्या बाबतीत एपेल या बाहेरच्या रिपॉझिटरीलाही (पॅकेजांच्या भांडारालाही) कंपनीचा आधार नाही. आपल्याला लागणारे नेमके पॅकेज आश्वासनाच्या कक्षेत आहे की नाही, हे न पाहता नुसता वर्षांचा आकडा वाचून केलेली निवड फसवी ठरते.

सी-डॅकने विकसित केलेली भारतीय प्रणाली बॉस ही डेबियनवरच आधारलेली आहे. त्यामुळे तिच्या बहुतांश पॅकेजांची दुरुस्ती मूळ डेबियनमध्ये होत असते. अल्पाइन हे लहान आकारामुळे कंटेनरमध्ये (प्रोग्रॅम वेगळा बंदिस्त चालवण्याच्या पद्धतीत) लोकप्रिय झालेले वितरण मसल ही सी लायब्ररी वापरते. बहुतेक वितरणांतील ग्लिबसी या सी लायब्ररीसाठी बांधलेले तयार प्रोग्रॅम त्यावर जसेच्या तसे चालतीलच, असे नाही. आर्चसारखी सतत पुढे सरकणारी वितरणे रोज लक्ष घालू शकणाऱ्या अनुभवी प्रशासकाच्या हाती चालतात, परंतु त्यांत न बदलणारा असा पायाच नसतो.

अखेर प्रत्येक आवृत्तीचा आधार संपतोच, म्हणून पुढील आवृत्तीवर जाण्याचा मार्ग निवडीच्या वेळीच पाहावा लागतो. डेबियनमध्ये लगतच्या स्थिर आवृत्तीवर जागेवरच अपग्रेड करण्याची सोय प्रकल्प पुरवतो, पण मधली आवृत्ती वगळता येत नाही. उबुंटूवर एका दीर्घकालीन आवृत्तीवरून पुढच्या आवृत्तीवर जाण्याची सूचना सर्वसाधारणपणे नव्या आवृत्तीची पहिली उपआवृत्ती आल्यावरच मिळते. रेड हॅटच्या कुळात मुख्य आवृत्ती बदलताना बराच काळ नव्याने इन्स्टॉल करण्याचाच सल्ला दिला जाई. सातवरून आठवर जाण्यासाठी लीप हे साधन उपलब्ध झाले. डेबियन १२ चा नियमित आधार जून २०२६ मध्ये आणि दीर्घकालीन आधार जून २०२८ मध्ये संपणार असल्याने, त्यावरील सेवांच्या स्थलांतराची चाचणी त्या तारखांच्या पुरेशी आधी, वेगळ्या यंत्रावर आणि खऱ्या डेटाच्या प्रतीवर घ्यावी लागते.