पाळीव पक्ष्यांचे आजारपण

पाळीव पक्ष्यांचे आजारपण : पिंजऱ्यात किंवा घरात मोकळे पाळलेले पोपट, बजरीगर, कॉकाटील, लव्हबर्ड, कॅनरी, फिंच इत्यादी पक्षी आजारी पडल्याचे ओळखणे आणि पशुवैद्याकडे पोहोचेपर्यंत त्यांना सांभाळणे, हा या नोंदीचा विषय आहे. कुक्कुटपालनात पूर्ण थव्याचे आरोग्य पाहतात. येथे एकेका पक्ष्याचा विचार केला आहे.

‘काल संध्याकाळपर्यंत अगदी चांगला होता, सकाळी पिंजऱ्याच्या तळाशी मरून पडलेला दिसला,’ असे पाळणारे नेहमी सांगतात. यातले ‘चांगला होता’ बहुधा चुकीचे असते. रानात थव्यातला दुबळा पक्षी शिकाऱ्याच्या नजरेत आधी भरतो, त्यामुळे दुखणे लपवणे पक्ष्यांच्या अंगी मुरलेले आहे. माणूस जवळ येताच मलूल पक्षीही पिसे अंगाशी चापून ताठ बसतो, चोच दाण्यांत घालून खाल्ल्यासारखे करतो. म्हणून पाहायचे ते खोलीच्या दुसऱ्या टोकावरून किंवा दाराआडून, त्याला न कळता. शरीराचे गणितही त्याच्या विरुद्ध असते. पक्ष्याचे तापमान साधारण ४० ते ४२ अंश सेल्सिअस असते, चयापचय वेगवान आणि साठा थोडा. लहान पक्ष्याने दिवसभर काही खाल्ले नाही, तर तेवढ्यानेच त्याच्या जिवाला धोका होतो. लक्षणे उघड दिसू लागतात तेव्हा आजार सुरू होऊन बहुधा बरेच दिवस झालेले असतात.

नेहमीचे वागणे : आजाराचे पहिले चिन्ह सवयीतल्या बदलात सापडते. सकाळी ओरडून घर डोक्यावर घेणारा पोपट गप्प झाला, हातावर न येणारा अचानक अंगाला चिकटून बसू लागला, वरच्या दांडीचा हक्क न सोडणारा खालच्या दांडीवर उतरला, तर लगेच लक्ष द्यावे. निरोगी पक्षी झोपताना सहसा एक पाय पोटाच्या पिसांत ओढून घेतो. आजारी पक्षी भर दिवसा दोन्ही पायांवर, पिसे फुगवून, डोळे अर्धवट मिटून बसतो. पाळणारे याला ‘फुगून बसलाय’ म्हणतात. आंघोळीनंतर किंवा डुलकी घेताना पक्षी घटकाभर फुगतो, त्याची काळजी नको. तासन्तास फुगून राहणे म्हणजे अंगातली ऊब टिकवण्याची धडपड. झोपेआधी चोच चोचीवर घासण्याचा करकर आवाज समाधानाचा असतो. पिसे झडण्याच्या काळात पक्षी थोडा चिडचिडा होतो, पण तो खाणे सोडत नाही.

वजन : घरी करता येण्याजोग्या सर्व तपासण्यांत एक ग्रॅमपर्यंत मोजणारा स्वयंपाकघरातला इलेक्ट्रॉनिक काटा सर्वांत उपयोगी. आठवड्यातून एकदा तरी सकाळी, खाणे देण्यापूर्वी, त्याच काट्यावर वजन घेऊन वहीत लिहावे. बजरीगर साधारण ३० ते ४० ग्रॅमचा, कॉकाटील ८० ते १०० ग्रॅमचा असतो. दहा टक्के घट गंभीर मानतात. बजरीगरच्या बाबतीत ती तीन-चार ग्रॅम, म्हणजे लहान चमचाभर साखरेएवढी! पिसांखाली इतका फरक डोळ्यांना कळणे शक्य नाही. काटा नसेल तर छातीच्या मधल्या हाडावरून बोट फिरवावे. दोन्ही बाजूंना भरदार मांस लागले तर ठीक. हाड सुरीच्या धारेसारखे वर आलेले असेल तर पक्षी बरेच दिवस उपाशी आहे.

दाण्याची वाटीही फसवते. पक्षी दाणा सोलून टरफल परत वाटीतच टाकतो. वरून भरलेली दिसणारी वाटी हलकेच फुंकली की टरफले उडतात आणि तळाशी एकही दाणा नसतो. उलट, आजारी पक्षी दाणे नुसतेच फोडून टाकून देतो. वाटीतला खरा दाणा सकाळी व संध्याकाळी तोलून पाहिला की दोन्ही प्रकार उघडे पडतात.

विष्ठा : पिंजऱ्याच्या तळाशी भुसा घालण्याची पद्धत या एका कारणासाठी टाळावी : त्यात विष्ठा दिसत नाही. कोरा पांढरा कागद घालून तो रोज बदलावा. निरोगी विष्ठेचे तीन भाग वेगळे ओळखू येतात : हिरवट किंवा तपकिरी वळीसारखा घट्ट मल, त्यावर किंवा भोवती पांढरे, खडूसारखे युरेट (मूत्रातला घट्ट भाग) आणि कागदावर पसरलेला स्वच्छ मूत्राचा ओलावा. रसाळ फळे खाल्ली की ओलावा वाढतो आणि पाळणारा ‘जुलाब झाले’ म्हणून घाबरतो. वळी शाबूत असेल तर तो जुलाब नव्हे, मूत्र जास्त झाले एवढेच. मात्र फळे न खाताही ओलावा दिवसेंदिवस तसाच राहिला, तर मूत्रपिंड किंवा मधुमेहाची शंका घ्यावी. बीट खाल्ले की मल लाल होतो. रात्र सरल्यावरची पहिली विष्ठा मोठी असते, तेही स्वाभाविक.

अर्थपूर्ण बदल पुढचे. थोडी, गडद चमकदार हिरवी विष्ठा म्हणजे पोटात अन्न नाही, नुसते पित्त येते आहे. पांढरा भाग पिवळा किंवा पोपटी झाला तर यकृत बिघडल्याचा संशय, आणि पोपट वर्गात सिटाकोसिस या माणसालाही लागणाऱ्या जिवाणूजन्य आजाराचाही. डांबरासारखा काळा मल वरच्या पचनमार्गातल्या रक्तस्रावाचा असू शकतो. सबंध दाणे न पचता बाहेर पडत असतील तर जठराचे स्नायू सैल पडले असण्याची शक्यता असते. मोठ्या पोपटांत असे करणाऱ्या एका आजाराचे कारण असलेला बोर्ना विषाणू २००८ मध्ये ओळखला गेला.

ओकारीबाबतही गल्लत होते. जोडीदाराला, आरशाला किंवा मालकाच्या बोटाला भरवण्यासाठी मान वरखाली करत अन्न काढणे हे प्रेमप्रदर्शन आहे. आजारी पक्षी मान झटकतो, अन्न चहूकडे उडते आणि डोक्यावरची पिसे चिकट होतात.

श्वास : पक्ष्याला माणसासारखा श्वासपटल नसतो. फुप्फुसे फारशी फुगत नाहीत. शरीरभर पसरलेल्या हवेच्या पिशव्या भात्यासारख्या हवा खेळवतात आणि त्यासाठी छातीचे हाड पुढे-मागे हलावे लागते. म्हणून पक्ष्याला मुठीत आवळले तर नाक-तोंड मोकळे असूनही तो गुदमरतो. स्वस्थ बसलेला असताना प्रत्येक श्वासाबरोबर शेपूट वरखाली होणे, चोच उघडी ठेवून धापणे, श्वासात टकटक किंवा शिट्टीसारखा आवाज येणे, आवाज बदलणे ही तातडीची लक्षणे आहेत. कारणे अनेक : बुरशीचा ॲस्परजिलोसिस, जंतुसंसर्ग, बजरीगरमध्ये आयोडीन कमी पडून वाढलेली थायरॉइड ग्रंथी. नुसत्या दाण्यांवर वाढलेल्या पोपटात अ जीवनसत्त्व कमी पडते, तोंडाची व नाकाची आतली त्वचा जाड होते आणि संसर्गाला वाट मिळते. याच श्वसनरचनेमुळे हवेतले विष पक्ष्याला माणसाआधी गाठते. ब्रिटनमधल्या कोळसा खाणींत १९८० च्या दशकापर्यंत कॅनरी नेत असत ते यासाठीच. नॉनस्टिक भांडे रिकामे तापत राहिले तर त्याच्या लेपातून निघणारा, वास न येणारा वायू शेजारच्या खोलीतल्या पक्ष्यालाही काही मिनिटांत मारू शकतो.

इतर खुणा थोडक्यात : नाकपुड्यांवरची पिसे ओली किंवा चिकटलेली, चोचीच्या कडेला मधाच्या पोळ्यासारखी खरखरीत पुटे (बजरीगरमध्ये हे माइट या सूक्ष्म परजीवीचे काम), प्रौढ बजरीगर नराच्या चोचीवरची निळी गादी तपकिरी होणे, जे वृषणाच्या गाठीचे चिन्ह असू शकते. तोल जाणे, झटके येणे आणि मलात रक्त यांत शिसे किंवा जस्त पोटात गेल्याची शक्यता तपासतात. स्वस्त जस्तलेपित जाळी कुरतडणे हे त्याचे नेहमीचे कारण. ॲव्होकॅडो, चॉकलेट, कॉफी व मद्य पक्ष्यांना विषारी आहेत.

प्राथमिक काळजी : पहिले औषध ऊब. छोटा पिंजरा किंवा हवेची भोके असलेला खोका घेऊन त्याची एक बाजू दिव्याने वा गरम पाण्याच्या गुंडाळलेल्या पिशवीने साधारण ३० अंशांपर्यंत तापवावी. दुसरी बाजू थंड ठेवावी, म्हणजे पक्षी हवे तिकडे सरकतो. पंख अंगापासून दूर धरून तो धापू लागला तर उष्णता जास्त झाली. दांडी अगदी खाली लावावी, दाणे-पाणी चोचीसमोर ठेवावे, अर्धा पिंजरा कापडाने झाकून शांत जागी ठेवावा. घरात दुसरे पक्षी असल्यास आजाऱ्याला वेगळ्या खोलीत हलवावे. इथवर पाळणाऱ्याचे काम, आणि ते पुष्कळ आहे.

अडचण पुढे होते, कारण काहीतरी ‘दिल्याशिवाय’ माणसाला चैन पडत नाही. ड्रॉपरने घशात पाणी ओतू नये : श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या मुळाशीच असते आणि अशक्त पक्ष्याच्या फुप्फुसात पाणी जाते. माणसांच्या गोळ्यांचा तुकडा देऊ नये. पिण्याच्या पाण्यात प्रतिजैविक मिसळणेही बेभरवशाचे. आजारी पक्षी पाणी कमी पितो, मात्रा अपुरी पडते आणि मागाहून डॉक्टरांच्या चाचणीत जंतू सापडत नाहीत. पिसांना तेल लावल्यास अंगाची ऊबच जाते.

रक्त थांबवणे मात्र घरीच करावे लागते. बजरीगरच्या अंगात जेमतेम तीन-चार मिलिलिटर रक्त असते. तुटलेल्या नखाला कॉर्नफ्लोअर दाबून धरावे. पिसातून वाहत असेल तर स्वच्छ कापसाने दाब द्यावा. मादी पिंजऱ्याच्या तळाशी पाय फाकवून, शेपूट हलवत जोर करत असेल तर अंडे अडले आहे. ते दाबून वा ओढून काढू नये, फुटल्यास मादी मरते. उबदार, दमट हवेत ठेवून त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यावे. मांजराने नुसता दात लावला असला तरी जखम न दिसताही प्रतिजैविकाची गरज असते, कारण मांजराच्या लाळेतले जंतू पक्ष्याला वेगाने पछाडतात.

डॉक्टरकडे नेताना पिंजरा झाकावा, झोके व पाण्याची वाटी काढावी. विष्ठेचा त्या दिवसाचा कागद, वजनाची वही आणि जिच्यातून विषबाधा झाल्याची शंका आहे ती वस्तू सोबत न्यावी. कुत्र्या-मांजरांच्या डॉक्टरांपेक्षा पक्ष्यांवर नेहमी उपचार करणारा पशुवैद्य शोधून ठेवावा, तोही पक्षी ठणठणीत असताना.

माणसाला होणारा संसर्ग : क्लॅमिडिया सिटासी या जिवाणूमुळे होणारा सिटाकोसिस सुकलेल्या विष्ठेच्या धुळीतून माणसाला लागतो, १९२९–३० मध्ये पोपटांच्या व्यापारातून तो अनेक देशांत पसरला होता. पक्षी आजारी असताना घरात कोणाला ताप, डोकेदुखी आणि कोरडा खोकला सुरू झाला, तर आपल्या डॉक्टरांना ‘घरी पक्षी आहे’ हे न विसरता सांगावे. पिंजरा कोरडा न झाडता आधी पाणी शिंपडून ओल्या फडक्याने पुसावा. पक्ष्यावरचा डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकाचा उपचार सहसा ४५ दिवस चालतो. आठवड्यात तो टवटवीत दिसू लागला तरी औषध मध्येच सोडू नये. नवा पक्षी आणल्यावर त्याला महिना-दीड महिना वेगळ्या खोलीत ठेवतात, तेही अशाच आजारांसाठी.

घरात आणखी पक्षी असतील आणि एखादा मेला, तर त्याला पुरण्याची घाई करू नये. शरीर प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून फ्रीजमध्ये ठेवावे, बर्फाच्या कप्प्यात नव्हे. गोठल्यावर पेशी फुटतात आणि शवविच्छेदनात कारण सापडणे अवघड होते. त्या अहवालावरूनच उरलेल्यांना कोणते औषध द्यायचे ते ठरते.