नाग दूध पीत नाही, तो तहानलेला असतो

नागपंचमीला गारुडी दारात येतो, टोपलीतला नाग दुधाच्या वाटीत तोंड घालतो आणि आपण भक्तीनं हात जोडतो. पण दूध हे नागाचं अन्नच नाही. तो उंदीर-बेडूक खातो. दूध त्याला पचत नाही. मग पितो कसा? त्याला आधी कित्येक दिवस पाण्यावाचून कोंडलेलं असतं. तहानेनं कासावीस झालेला जीव समोर येईल ते ओलं तोंडात घेतो. एकदा जवळून बघा: विषदंत उपटलेले, कधी जबडा दोऱ्यानं शिवलेला, फण्यावर हळदकुंकू. फार वाईट वाटतं. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार नाग पकडणं, बाळगणं गुन्हा आहे. असा गारुडी दिसला तर महाराष्ट्र वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर लगेच कळवा.