साडेपाचची गुलबक्षी

नर्सरीत गुलबक्षी मागितली तर माळी हसतो. "ती कशाला विकत घेताय? कुठल्याही कुंपणापाशी मिळेल की!" माझ्याकडची अशीच आली, गावच्या घराच्या मोरीमागून, रुमालाच्या गाठीत बांधलेल्या आठ-दहा काळ्या बिया होऊन. आता गॅलरीतल्या दोन कुंड्या तिने बळकावल्या आहेत. इंग्रजीत तिला चारचं फूल म्हणतात. माझी साडेपाचशिवाय डोळा उघडत नाही. ढग भरून आले तर थोडी आधी.

लहानपणी हिची फुलं एकमेकांत गुंफून बिनदोऱ्याची वेणी करायचे, देठाकडचा भाग काढून पिपाणी वाजवायचे. त्या पिपाणीला पाकळ्या नसतात, हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं. जो रंगीत कर्णा आपण पाकळ्या समजतो, तो आहे निदलपुंज. इतर फुलांत कळीवर हिरवं आवरण असतं ना, तेच इथे नटून बसलंय. आणि खालची हिरवी वाटी, जी निदलांसारखी दिसते, ती छदांची, म्हणजे एक प्रकारच्या पानांचीच. एक फूल उभं चिरून पाहा. तळाशी नळी आवळलेली दिसेल, तिच्या आत मोहरीएवढा अंडाशय. पुढे हाच तळ घट्ट आणि काळा होतो. मिऱ्यासारखी दिसणारी 'बी' म्हणजे खरं तर फळ, त्यावर निदलाचं वाळलेलं कवच. आत पांढरी पिठूळ भुकटी असते. जपानमध्ये याच भुकटीवरून झाडाला चेहऱ्याच्या पावडरीचं नाव पडलंय. (बिया आणि मुळं विषारी असतात, तेव्हा घरात लहान मूल असेल तर लक्ष ठेवा.)

रंगाची गोष्ट स्वयंपाकघरात तपासता येते. गोकर्णाच्या निळ्या पाण्यात लिंबू पिळलं की ते जांभळं होतं, कारण त्यातलं रंगद्रव्य अँथोसायनिन आंबटपणानुसार रंग बदलतं. बीटच्या रसात लिंबू पिळा, लाल ते लालच. बीटमध्ये वेगळंच द्रव्य असतं, बीटालेन. गुलबक्षीचा गुलाबी आणि पिवळा रंगही बीटालेनचा. बीट, लाल माठ, कोंबडा, बोगनवेल, फड्या निवडुंग ही सगळी त्याच रंगपेटीची भावंडं. एका झाडात ही दोन्ही रंगद्रव्यं एकत्र सापडत नाहीत. गुलबक्षीतलं पिवळं बीटालेन तर निळा प्रकाश शोषून हिरवा प्रकाश बाहेर टाकतं, म्हणजे फूल अगदी मंदपणे का होईना, स्वतः चमकतं. हे 2005 मध्ये कळलं.

पिवळ्या फुलावर लाल शिंतोडे कुठून येतात? रंगद्रव्य बनवणाऱ्या एका जनुकात डीएनएचा एक भटका तुकडा घुसून बसलेला असतो. तो असेपर्यंत लाल रंग बनत नाही. फूल वाढत असताना एखाद्या पेशीतून तो तुकडा उडी मारून निघून गेला, की त्या पेशीच्या पुढच्या सगळ्या पिढ्या लाल. ठिपका लहान असेल तर उडी उशिरा पडली, पट्टा रुंद असेल तर लवकर. मला तर आता फुलाकडे पाहताना त्या उड्या मोजायचीच सवय लागली आहे.

बारावीच्या जीवशास्त्रात 'मिराबिलिस जलापा'चा लाल-पांढऱ्याचा संकर आणि मधला गुलाबी, हे सगळे पाठ करतात. ती हीच, वाड्यामागची. उदाहरण कार्ल कॉरेन्स या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाचं, पण गंमत त्याच्याही आधीची आहे. एका बीजासाठी एक परागकण पुरतो की जास्त लागतात, यावर वाद होता. डार्विनचं मत 'एक पुरत नाही' असं होतं. आनुवंशिकतेचे नियम शोधणाऱ्या मेंडेलने गुलबक्षीवर एकेक परागकण ठेवून बिया धरवल्या आणि 1870 मध्ये हे नेगेली नावाच्या प्राध्यापकाला पत्रातून कळवलं. ती पत्रं पुढे 1905 मध्ये छापली कॉरेन्सनेच, जो नेगेलीचा विद्यार्थी. 1909 मध्ये कॉरेन्सने गुलबक्षीच्याच चट्ट्यापट्ट्याच्या पानांवर दाखवलं, की रोप हिरवं होणार की पांढरं, हे बी कुठल्या फांदीवर धरलं यावर ठरतं. पराग कुणाचेही असोत. पानांतला हिरवा रंग आईकडूनच येतो. पांढरी रोपं बिचारी अन्नच बनवू शकत नाहीत, मरतात.

संध्याकाळी सुगंध सुटतो तो लांब सोंडेच्या पतंगांसाठी, ज्यांना हॉक मॉथ म्हणतात. नळीच्या तळाशी मध, तोंडाशी परागाचे पुंकेसर आणि पराग झेलणारी कुक्षी, तेव्हा सोंड खाली घालणाऱ्याच्या अंगाला पराग लागणारच. आमच्या मजल्यावर पतंग रोज येतोच असं नाही. मग सकाळी काय होतं ते पाहण्यासारखं आहे. सात वाजता भिंग घेऊन बसा. मिटणाऱ्या फुलात पुंकेसर आणि कुक्षीवृंत, म्हणजे कुक्षीचा दांडा, दोन्ही गुंडाळत मागे येतात, घड्याळाच्या कमानीसारखे. गुंडाळताना परागकोश कुक्षीला भिडतो आणि फूल स्वतःच स्वतःचं लग्न लावतं. पतंग आला नाही, तरी बी ठरलेलं.

याच भरवशावर मी गेल्या पावसाळ्यात एका गुलाबी झाडाच्या फांदीला लाल दोरा बांधला, बिया वेगळ्या ठेवल्या आणि जूनमध्ये पेरल्या. बारावीतलं एकास दोनास एक, म्हणजे चारांत एक लाल, दोन गुलाबी, एक पांढरं, घरी दिसेल, अशी आशा. पाच रोपं आली. चारांचा हिशेब जमतोय असं वाटलं. पाचवं परवा फुललं, नारिंगी. शेजारच्या गच्चीत पिवळी गुलबक्षी आहे. पतंग येऊन गेला असावा.