नाताळच्या रात्रीचे दोन आकडे

नाताळ उलटला की ब्रिटनमधल्या वर्तमानपत्रांत दरवर्षी एक निकाल छापून येतो: काल रात्री बीबीसी जिंकलं की आयटीव्ही ही खासगी वाहिनी? २०२४ साली बीबीसीच्या 'गॅव्हिन अँड स्टेसी' या मालिकेचा शेवटचा भाग सरासरी १ कोटी २३ लाख लोकांनी पाहिला आणि निकाल एकतर्फी लागला. अशी बातमी आपल्याकडेही पोचते, आणि ती वाचून ओळखीतलं कोणी ना कोणी हमखास म्हणतं, "हे मोजलं कोणी? आम्हाला तर आजवर कोणी विचारायला आलं नाही. सगळे आकडे बसल्या जागी केलेले असतात." टीआरपीबद्दलही हेच बोललं जातं. शंका घेणं चांगलंच, पण ही शंका चुकीच्या जागी घेतली जाते. खरी शंका कुठे घ्यायची हे समजायला १९७७ सालचा नाताळ फार उपयोगी पडतो.

तेव्हा ब्रिटनमध्ये तीनच वाहिन्या होत्या: बीबीसीच्या दोन आणि आयटीव्ही. नाताळच्या दिवशी दुकानं बंद, वाहतूक जवळजवळ बंद, सगळं कुटुंब घरी. दुपारी तीनला राणीचं भाषण आणि त्यानंतर रात्रीपर्यंत टीव्ही सुरूच. म्हणून दोन्ही संस्था आपली सगळ्यात भारी माणसं या एका रात्रीसाठी राखून ठेवत. कोणता कार्यक्रम कशाच्या मागे लावायचा याचा विचार कित्येक महिने आधीपासून चाले, कारण एका कार्यक्रमाचा प्रेक्षक पुढच्यासाठी तसाच बसून राहतो. वेळापत्रक छापणाऱ्या 'रेडिओ टाइम्स' साप्ताहिकाच्या १९८८च्या नाताळ अंकाच्या १ कोटी १० लाखांवर प्रती खपल्या होत्या, यावरून लोकांची ओढ कळावी.

१९७७च्या त्या रात्री बीबीसीने आधी नकलाकार माइक यारवुड यांचा कार्यक्रम दाखवला आणि त्यानंतर मोरकम आणि वाइज या विनोदी जोडीचा. बीबीसीच्या मोजणीनुसार मोरकम आणि वाइज यांना २ कोटी ८० लाखांवर प्रेक्षक मिळाले. देशाची लोकसंख्या तेव्हा सुमारे ५ कोटी ६० लाख, म्हणजे दर दुसरा माणूस ते बघत होता. हा आकडा आजही अभिमानाने सांगितला जातो. पण व्यापारी वाहिन्या आणि जाहिरातदारांची 'जिक्टार' नावाची वेगळी मोजणी होती. तिच्या हिशेबाने त्याच कार्यक्रमाचे प्रेक्षक होते २ कोटी १३ लाख, आणि त्याच्या आधीच्या यारवुडचे २ कोटी १४ लाख.

रात्र एक, कार्यक्रम एक, आणि फरक निदान ६७ लाखांचा.

इथे बहुतेक जण म्हणतील, "बघा, थोडीशी घरं मोजून देशाचा आकडा काढला की असंच होणार." हे चूक आहे. नमुना लहान असण्याने किती फरक पडतो, हे आपल्याला कागद-पेन्सिलने काढता येतं.

शितावरून भाताची परीक्षा आपण रोज करतो. पातेलं दोन माणसांचं असो की लग्नातलं मोठं, शितं चारच दाबून बघतो. अट एवढीच की भात सगळीकडे सारखा ढवळलेला हवा. नमुन्याचं गणित नेमकं हेच सांगतं: अंदाजातली चूक तुम्ही किती शितं तपासली यावर ठरते, पातेलं केवढं आहे यावर जवळजवळ नाही. एखादा कार्यक्रम लोकसंख्येच्या किती भागाने पाहिला ते प्रमाण घ्या, त्याला न पाहणाऱ्यांच्या प्रमाणाने गुणा, नमुन्याच्या संख्येने भागा, वर्गमूळ काढा आणि दुप्पट करा. शंभरातल्या पंचाण्णव वेळा खरा आकडा तुमच्या अंदाजाच्या एवढ्या मागेपुढे सापडतो. या सूत्रात देशाची लोकसंख्या कुठेच येत नाही.

आजची ब्रिटिश मोजणी 'बार्ब' ही संस्था करते. बीबीसी आणि आयटीव्ही यांनी दोन आकड्यांची ही भांडणं संपवण्यासाठी मिळून ती उभी केली आणि १९८१ पासून तिचे आकडे येऊ लागले. बरीच वर्षं तिच्या नमुन्यात सुमारे ५,१०० घरं होती. म्हणजे साधारण पाच हजार घरांमागे एक, त्यामुळे तुमच्या ओळखीत असं घर नसणं अगदी स्वाभाविक आहे. या घरांत माणसं सुमारे १२ हजार, पण ती स्वतंत्र धरता येत नाहीत, कारण एका घरातली माणसं एकत्र बसून एकच गोष्ट बघतात. म्हणून आपण कडक हिशेब करू आणि घर हेच एकक धरू. समजा वीस टक्के लोकांनी एक कार्यक्रम पाहिला. ०.२ गुणिले ०.८ म्हणजे ०.१६, त्याला ५,१०० ने भागून वर्गमूळ काढलं की ०.००५६ येतं, दुप्पट केली की सुमारे १.१ टक्के. साडेसहा कोटींच्या देशात हे होतात सात लाख. म्हणजे १ कोटी ३० लाखांचा अंदाज सात लाख इकडे किंवा तिकडे. पाच हजार घरांच्या मानाने हे अफाट चांगलं आहे, पण 'अमुक वाहिनीने तमुक वाहिनीला दोन लाखांनी हरवलं' असा मथळा दिसला तर त्यात काही अर्थ नाही. ही चूक निम्मी करायची तर घरं चौपट लागतात, म्हणून कोणीही घरं वाढवत सुटत नाही.

आता यारवुड विरुद्ध मोरकम-वाइज: २ कोटी १४ लाख आणि २ कोटी १३ लाख. फरक एक लाखाचा. इथे गणित जरा अवघड होतं, पण ते सोडायला मन होत नाही. दोन्ही कार्यक्रम त्याच घरांत मोजले गेले आणि बहुतेक घरांनी दोन्ही पाहिले. दोन्ही पाहिलेल्या घरांचा फरकाशी संबंधच नाही. ती वजाबाकीत उडून जातात. फरक ठरवतात ती फक्त एकच कार्यक्रम पाहणारी घरं. समजा नमुन्यात २,५०० घरं आहेत, पाच टक्के घरांनी पहिलाच पाहिला आणि पाच टक्क्यांनी दुसराच. मिळून दहा टक्के. ०.१ भागिले २,५००, वर्गमूळ ०.००६३, दुप्पट सव्वा टक्का. ५ कोटी ६० लाखांत सुमारे सात लाख. एकेका आकड्यातली चूक वेगळी काढली असती तर ती अकरा लाखांच्या आसपास आली असती, म्हणजे तेच घर दोनदा मोजल्याने आपण थोडे नेमके झालो. तरीही एक लाखाचा फरक सात लाखांच्या धुक्यात बुडतो. त्या रात्री यारवुड पहिले की मोरकम-वाइज, याचं उत्तर त्या मोजणीतून निघूच शकत नाही.

आणि ६७ लाखांचा फरक? तो अकरा लाखांच्या सहापट आहे. नमुना लहान असल्याने एवढी दरी पडणं जवळपास अशक्य. तिचं कारण दुसरं आहे.

बीबीसीचे पाहणीदार रोज लोकांना गाठून, कार्यक्रमांची आठवण करून देत, काल काय पाहिलंत ते विचारत. जिक्टारच्या घरांत टीव्हीला यंत्र जोडलेलं होतं. संच कधी चालू होता आणि कोणत्या वाहिनीवर होता ते यंत्र नोंदवी आणि कोण बघत होतं ते घरचे वहीत लिहीत. एका पद्धतीत माणसाची आठवण मोजली जाते, दुसरीत चालू असलेला संच. ज्याने मोरकम-वाइजची मधली दहा मिनिटं पाहिली, त्याला दुसऱ्या दिवशी "तो कार्यक्रम पाहिलात का?" असं विचारलं तर तो काय सांगेल? सगळा देश ज्याबद्दल बोलतोय, तो कार्यक्रम 'नाही पाहिला' असं म्हणणं जिवावर येतं. काठावरचा माणूस आत ओढला जातो, आणि असे सगळे एकाच दिशेने ओढले जातात.

या काठाच्या चुकीवर एका मराठी माणसाने मूलभूत काम केलं आहे. संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे, जन्म १९११, सातारा जिल्ह्यातलं बुध हे गाव. १९४०च्या दशकात ते भारतीय कृषी संशोधन परिषदेत होते, आणि देशात पीक किती आलं ते शेतांचे नमुने कापून कसं काढायचं, हा तेव्हाचा मोठा प्रश्न होता. कोलकात्यातले संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस लहान तुकड्यांच्या बाजूचे होते: तुकडे लहान ठेवा, पण भरपूर ठिकाणी कापा. सुखात्मे यांनी प्रयोग करून दाखवलं की लहान तुकड्यांतून उत्पन्न नेहमी फुगून येतं. १९४६ साली त्यांची ही टिपणी 'नेचर' या विज्ञान साप्ताहिकात आली.

असं का होतं, ते शेतात उभं राहून बघा. मध्ये खुंटी ठोकली, दोरी फिरवून वर्तुळ आखलं, विळा हातात घेतला. दोरीला टेकलेलं रोप आत धरायचं की बाहेर? कणीस आत झुकलंय, बुंधा बाहेर आहे. कापणारा ते आत धरतो. समजा वर्तुळाची त्रिज्या दोन फूट आहे आणि कापणाऱ्याने सगळीकडून जेमतेम एक इंच जास्तीचा घेतला. परीघ आणि क्षेत्रफळ यांचं गुणोत्तर दोन भागिले त्रिज्या असतं, तेव्हा वाढ होते आठ टक्क्यांहून जास्त. तोच इंच दहा फूट त्रिज्येला लावला तर सुमारे १.७ टक्के. आता असे लहान तुकडे शंभर कापा की लाख कापा, आठ टक्क्यांची फूग तशीच राहते. मागेपुढे डोलणारी चूक नमुना वाढवला की विरते. एकाच बाजूला झुकलेली चूक विरत नाही. उलट नमुना मोठा म्हणून चुकीच्या आकड्यावरचा विश्वास मात्र वाढतो. नाताळच्या रात्री घरात सतत ये-जा असते, कोणी स्वयंपाकघरात, कोणी दारात पाहुण्यांजवळ. अशा कार्यक्रमाला काठच फार, आणि काठ जितका जास्त तितकी आठवणीवरची मोजणी फुगणार.

म्हणूनच 'आमच्या ऑनलाइन चाचणीत पंधरा लाख लोकांनी मत दिलं' अशा जाहिरातींचा मला मनापासून राग येतो. ज्याला मत द्यायची हौस आहे तोच मत देतो. ढवळल्याशिवाय वरवरचं शीत दाबण्यासारखंच हे आहे. १९३६ साली 'लिटररी डायजेस्ट' या अमेरिकन साप्ताहिकाकडे २० लाखांवर मतपत्रिका परत आल्या होत्या आणि त्यावरून त्यांनी अध्यक्षपदाच्या निवडणुकीत रूझवेल्ट हरणार असं छापलं. रूझवेल्ट प्रचंड फरकाने जिंकले. पोपटाने काढलेल्या चिठ्ठीवर हसणारी सुशिक्षित माणसंसुद्धा अशा लाखांच्या आकड्यापुढे मान डोलावतात.

बार्बने काठाचा प्रश्न व्याख्या करून सोडवला. नमुन्यातल्या घरात प्रत्येकासाठी रिमोटसारख्या यंत्रावर एक बटण असतं. खोलीत आलात की दाबायचं, गेलात की पुन्हा दाबायचं. संच चालू असलेल्या खोलीत हजर असणं म्हणजेच बघणं. जेवण करून सोफ्यावर डुलकी घेणारे आजोबाही प्रेक्षकच. ही व्याख्या ढोबळ आहे, पण दोन्ही वाहिन्यांना आणि दरवर्षी सारखीच लागू आहे, त्यामुळे तुलना टिकते. नाताळला खरी कसोटी पाहुण्यांची. नमुन्यातलं कुटुंब आजीकडे गेलं तर त्यांचा संच बंद. पण नमुन्यातल्या घरी बाहेरचे लोक आले तर त्यांनी पाहुण्यांचं बटण दाबून वय आणि स्त्री की पुरुष ते नोंदवायचं. गेलेले आणि आलेले असे जुळतात. कोणती वाहिनी सुरू आहे ते यंत्र आवाजावरून ओळखतं: ध्वनीचे बारीक तुकडे टिपून ते सगळ्या वाहिन्यांच्या साठ्याशी ताडून पाहिले जातात.

आपल्याकडे टीआरपी मोजणाऱ्या 'बार्क' या संस्थेची रचनाही अशीच, फक्त तिथे वाहिनीच्या आवाजातच कानाला न कळणारी खूण मिसळलेली असते. २०२० साली सुमारे ४४ हजार घरांवरून २१ कोटी टीव्ही-घरांचा अंदाज काढला जात होता. एका घराचं वजन जवळजवळ पावणेपाच हजार घरांचं. त्याच वर्षी मुंबई पोलिसांनी नमुन्यातली घरं फितवल्याच्या तक्रारीवरून तपास सुरू केला आणि बार्कने बातम्यांच्या वाहिन्यांचे आकडे थांबवले. ते पुन्हा सुरू व्हायला मार्च २०२२ उजाडला. अशी फितवणूक हीदेखील एका बाजूला झुकलेली चूक, फक्त मुद्दाम घडवलेली. मोजकी घरं पैसे देऊन वळवली तर वर्गमूळ आणि सूत्र काही वाचवत नाही. म्हणून ही घरं कोणती ते गुप्त ठेवणं हाच या सगळ्या यंत्रणेचा जीव आहे.

ब्रिटनच्या नाताळात आता आणखी एक काठ आला आहे: वेळेचा. २०१९च्या नाताळात 'गॅव्हिन अँड स्टेसी'चा आकडा दुसऱ्या दिवशी सकाळी १ कोटी १६ लाख होता. आठवड्याभरात मागाहून पाहणारे धरून तो १ कोटी ७१ लाखांवर गेला. २६ डिसेंबरचा निकाल त्यामुळे अर्धवट मोजणीचा असतो. नेटफ्लिक्स तर २०२३ पासून पाहिलेले एकूण तास भागिले कार्यक्रमाची लांबी यालाच एक 'व्ह्यू' म्हणतं, म्हणजे दोघांनी अर्धा अर्धा पाहिला तर एक. या आकड्याची बीबीसीच्या आकड्याशी थेट तुलना होत नाही, आणि तरीही ती सर्रास केली जाते. नोव्हेंबर २०२२ पासून नेटफ्लिक्स बार्बमध्ये सामील आहे आणि त्याच घरांत, त्याच व्याख्येने मोजलं जातं. तुलना करायचीच असेल तर तो आकडा शोधून घ्यावा.