पार्श्वभूमी : परमिटच्या वहीत नसलेलं नाव

सकाळचे साडेनऊ. गावाबाहेरचं ३३/११ केव्ही उपकेंद्र, म्हणजे ३३ हजार व्होल्टची वीज ११ हजारांवर आणणारं. टेबलावर कार्बन घातलेली परमिटची, म्हणजे लाइनवर काम करण्याच्या लेखी परवानगीची, वही उघडी आहे. ऑपरेटर फिडरचं, म्हणजे उपकेंद्रातून निघणाऱ्या लाइनचं, नाव लिहितो, ब्रेकर बंद केल्याची वेळ लिहितो. वायरमन खाली सही करतो आणि आपली प्रत घडी घालून खिशात ठेवतो. दारात दोन पोरं थांबली आहेत. आयटीआय करून महिन्याभरापूर्वी आलेले शिकाऊ उमेदवार. एकाच्या खांद्यावर दोराचं वेटोळं, दुसऱ्याच्या हातात डिस्चार्ज रॉड, तारेत उरलेली वीज जमिनीत उतरवायची काठी. दिवसभर खांबाच्या बुडाशी हीच दोघं असणार. गरज पडली तर वरही चढणार. वहीत मात्र त्यांचं नाव कुठेच नाही.

अशा सकाळी मी पुष्कळ पाहिल्या आहेत आणि दर वेळी नजर त्या वहीकडेच गेली आहे. ‘सुरक्षा संस्कृती’ हा शब्द आज वीज, तेल, गॅस अशा प्रत्येक क्षेत्रात भिंतीवर लावलेला दिसतो. ही संस्कृती सगळ्यात नवख्या माणसापर्यंत कुठवर पोचली हे समजून घ्यायचं, तर त्याच्या शिकण्याला आणि जिवाला कायद्याने केव्हा, किती जागा दिली ते पाहावं लागतं.

आपल्याकडे विजेचा पहिला कायदा १८८७ चा. विजेच्या पुरवठ्यापासून आणि वापरापासून माणसांना व मालमत्तेला इजा होऊ नये, एवढ्यासाठीच तो झाला. दर, परवाने, स्पर्धा हे विषय नंतरचे, आधी आली ती भीती, आणि ती रास्त होती. त्याच साली मुंबईत व्हीजेटीआय सुरू झाली. म्हणजे विजेचा धोका ओळखणारा कायदा आणि तंत्रशिक्षणाची शाळा एकाच वर्षीची. दोघांची गाठ पडायला मात्र पुढे पाऊणशे वर्षं लागली.

तोवर शिकणं म्हणजे कुणाच्या तरी हाताखाली राहणं. १९१५ मध्ये खोपोलीला टाटांचं जलविद्युत केंद्र सुरू झालं आणि घाटमाथ्यावरच्या पाण्याची वीज मुंबईच्या गिरण्यांपर्यंत आली. पुढे भिवपुरी, भिरा झालं. तारा ओढायला, मनोरे उभारायला, स्विचयार्डात राबायला माणसं लागली आणि ती कामावरच तयार झाली. जुन्या माणसाने सांगायचं, नव्याने बघायचं. शिकाऊंसाठी कायदा होता तो १८५० चा. दहा ते अठरा वर्षांच्या मुलांना, त्यातही अनाथ आणि गरीब मुलांना, धंदा शिकण्यासाठी एखाद्या मालकाकडे बांधून देण्याची सोय त्यात होती. सात वर्षांपर्यंत. विजेचा त्याच्याशी काही संबंध नव्हता, पण मूल मालकाच्या हवाली करायचं ही त्यामागची समजूत बराच काळ टिकली.

१९१० च्या भारतीय वीज कायद्याने अपघात कळवणं बंधनकारक केलं आणि चौकशीची तरतूद ठेवली. १९२३ मध्ये कामगार नुकसानभरपाई कायदा आला. कामावर हात गेला, पाय गेला, जीव गेला, तर मालकाने पैसे द्यायचे. त्यातून सुरक्षा आली असं म्हणता येणार नाही, पण इजेला किंमत आली, आणि किंमत आली की हिशेब ठेवावा लागतो. १९४८ च्या कारखाने कायद्यात वीज तयार करणं, तिचा दाब बदलणं आणि ती वाहून नेणं हेही ‘उत्पादन प्रक्रिया’ या व्याख्येत बसवलं गेलं. त्यामुळे वीजनिर्मिती केंद्रं थेट त्या कायद्याखाली आली.

माझ्या मते खरी कसदार कलमं १९५६ च्या भारतीय वीज नियमांत होती. जुन्या वायरमनांना यातलं निदान एक प्रकरण तोंडपाठ असतं. नियम ३६ म्हणत होता की कुठल्याही तारेला वा उपकरणाला हात लावण्याआधी ते अर्थिंग करून (जमिनीशी जोडून) किंवा दुसऱ्या योग्य मार्गाने विसर्जित करा, म्हणजे त्यात उरलेली वीज काढून टाका, आणि चुकून पुन्हा प्रवाह येणार नाही याची तजवीज करा. त्यापुढचं वाक्य मला फार महत्त्वाचं वाटतं. जिवंत तारेवर काम करणाऱ्याला तसा अधिकार दिलेला असला पाहिजे, आणि त्याला *मदत करणाऱ्यालाही*. म्हणजे खाली उभा राहून दोर सोडणाऱ्या पोराची दखल नियम करणाऱ्याने घेतली होती. वहीत नसलेलं ते पोर नियमात होतं. नियम ४४ ने शॉक लागलेल्या माणसाला कसं सावध करायचं याचा तक्ता लावणं सक्तीचं केलं. फ्रेममध्ये पिवळा पडलेला, आडव्या पडलेल्या माणसाची चित्रं असलेला तो तक्ता ज्याने उपकेंद्रात पाऊल टाकलंय त्याने पाहिलेला असतोच.

नियम ३६ चं प्रत्यक्षातलं रूप थोडं जवळून सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. ब्रेकर बंद झाला म्हणजे लाइन मेली असं नाही. डीपीवरचा, म्हणजे दोन खांबांच्या चौकटीवरचा, एबी स्विच (हाताने ओढून लाइन तोडायचा उघडा स्विच) खाली ओढला की त्याच्या तिन्ही ब्लेड उघडल्या का हे मान वर करून, डोळ्यांनी पाहायचं. गंजलेल्या स्विचची एखादी ब्लेड चिकटून राहते आणि दोन फेज (तारा) मेलेले, तिसरा जिवंत अशी लाइन तयार होते. मग डिस्चार्ज रॉड. आधी तिची अर्थची बाजू जमिनीत ठोकलेल्या इलेक्ट्रोडला घट्ट बांधायची, नंतर आकडा तारेवर टाकायचा. काढताना उलट, आधी तारेवरचा आकडा, शेवटी अर्थ. क्रम चुकला तर रॉड धरणाराच विजेची जमिनीकडे जायची वाट होतो. आकडा टेकताना कधी ‘चट्’ असा आवाज येतो. शेजारच्या लाइनमुळे तारेत उतरलेला भार तिथून जमिनीत जातो. कधी तो भार नसतो, कुठल्याशा जनरेटरचा किंवा चुकीच्या जोडलेल्या इन्व्हर्टरचा रिटर्न सप्लाय, म्हणजे उलट्या बाजूने लाइनवर चढलेली वीज, असतो, आणि तेव्हा तोच आवाज खांबावर चढणाऱ्याचं आयुष्य वाचवतो. हा रॉड बहुतेक ठिकाणी शिकाऊ पोराच्या हातात असतो.

१९६० मध्ये महाराष्ट्र राज्य वीज मंडळ स्थापन झालं, १९६२ मध्ये कोयनेची वीज सुरू झाली, आणि तारा गावोगाव, मळ्यामळ्यांत निघाल्या. एवढ्या मोठ्या पसाऱ्याला हाताखाली घडलेली माणसं पुरणार नव्हती. १९५० पासून चालू असलेल्या कारागीर प्रशिक्षण योजनेतून आयटीआय उभ्या राहत होत्या. वीजतंत्री आणि तारतंत्री हे त्यातले हमखास ट्रेड. अशा वेळी १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा आला. १ मार्च १९६२ पासून तो लागू झाला आणि १८५० चा कायदा त्याने रद्द केला. मूल बांधून देण्याऐवजी आता नोंदणीचा करार, ठरलेला कालावधी, ठरलेलं विद्यावेतन. उमेदवार अज्ञान असेल तर पालकाची सही.

या कायद्याची तीन कलमं एकापुढे एक वाचावीत. कलम १८ सांगतं, शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नाही, म्हणून कामगार कायदे त्याला लागू नाहीत. कलम १४ सांगतं, तो कारखान्यात शिकत असेल तर कारखाने कायद्यातली आरोग्य, सुरक्षा आणि कल्याण ही प्रकरणं त्याला कामगार असल्यासारखीच लागू. कलम १६ सांगतं, शिकताना इजा झाली तर १९२३ च्या कायद्याप्रमाणे मालकाने भरपाई द्यायची. पगाराला तो कामगार नाही, पण जखमेला आहे. हा तोल कायदा करणाऱ्यांनी विचार करून साधला होता आणि त्याबद्दल मला आदर वाटतो. शिकणाऱ्याला शिकू द्या, पण त्याचं शरीर दुसऱ्या कुणाच्या शरीराहून स्वस्त धरू नका, असा त्याचा अर्थ.

अडचण आली ती कलम १४ मधल्या शब्दांची. त्यात कारखाना आहे, खाण आहे. औष्णिक केंद्राच्या टर्बाइन हॉलमध्ये शिकणाऱ्याला ते पुरेसं आहे. तिथे सुरक्षा अधिकारी असतो, हेल्मेटशिवाय फाटकातून आत सोडत नाहीत. बांधावरच्या ११ केव्हीच्या खांबाखाली शिकणाऱ्याला चार भिंती नाहीत, फाटक नाही. तिथे त्याच्यापाशी आहेत ते वीज नियम आणि सोबतचा वायरमन.

पुढच्या दुरुस्त्या थोडक्यात. १९७३ मध्ये पदवीधर आणि पदविकाधारक अभियंते कायद्याच्या कक्षेत आले. २०१४ मध्ये धोकादायक उद्योगांतल्या ट्रेडसाठी किमान वय १८ झालं, हे चांगलं झालं. त्याच दुरुस्तीने कायदा मोडणाऱ्या मालकाची तुरुंगवासाची शिक्षा काढून फक्त दंड ठेवला. २०१९ च्या नियमांनी विद्यावेतनाची किमान पातळी शिक्षणानुसार महिना ५,००० ते ९,००० रुपये केली. दरम्यान २००३ चा वीज कायदा आला, २००५ मध्ये मंडळाचं विभाजन होऊन महानिर्मिती, महापारेषण, महावितरण झाल्या, आणि १९५६ च्या नियमांची जागा केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या, मग २०२३ च्या सुरक्षा विनियमांनी घेतली.

‘सुरक्षा संस्कृती’ हा शब्द मात्र यातल्या कुठल्याच कायद्यातून आलेला नाही. तो चेर्नोबिलहून आला. २६ एप्रिल १९८६ च्या त्या स्फोटानंतर आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या सल्लागार गटाने आपल्या अहवालात तो वापरला आणि १९९१ मध्ये त्यावर स्वतंत्र पुस्तिका काढली. ज्या चाचणीत तो स्फोट झाला ती मुळात दिवसा व्हायची होती. कीव्हच्या भारनियंत्रकाने ती लांबवली आणि ती तयारी नसलेल्या रात्रपाळीच्या गळ्यात पडली. अणुभट्टीच्या नियंत्रणावर लिओनिद तोप्तुनोव होता. वय २५, त्या खुर्चीवर बसून जेमतेम काही महिने झालेले. किरणोत्साराने तो १४ मे रोजी गेला. चेर्नोबिलच्या कारणांमध्ये अणुभट्टीच्या रचनेतले दोष मोठे आहेत, ते बाजूला सारता येत नाहीत. तरी मी जेव्हा जेव्हा हा इतिहास वाचतो तेव्हा त्या खुर्चीपाशी थांबतो. वरून आलेला हुकूम, मागे उभे असलेले वरिष्ठ, आणि पॅनेलपुढे पंचविशीतला मुलगा. “हे थांबवूया” असं म्हणायची सोय त्याला कुणी करून दिली होती?

दोन वर्षांनी, ६ जुलै १९८८ रोजी, उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा या तेल-वायू फलाटावर १६७ माणसं गेली. तिथे प्रश्न परमिटचाच होता. एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह दुरुस्तीला काढलेला, त्या जागी तात्पुरती चकती. रात्रपाळीला दुसरा पंप बंद पडला तेव्हा हा पहिला चालू केला, कारण व्हॉल्व्ह काढल्याचा कागद त्यांच्यासमोर नव्हता. लॉर्ड कलन यांच्या चौकशीने १९९० मध्ये १०६ शिफारशी केल्या आणि परमिट म्हणजे सहीचा कागद नव्हे, एका पाळीने दुसऱ्या पाळीला दिलेला निरोप आहे, हे जगभरच्या तेल उद्योगाला पटलं. आपल्या किनाऱ्याजवळ २७ जुलै २००५ रोजी, मुंबईतल्या महापुराच्या दुसऱ्याच दिवशी, एका जखमी माणसाला उपचारासाठी फलाटावर पोचवायला आलेलं जहाज बॉम्बे हाय नॉर्थवर आदळलं. वायुवाहिनी फुटली, दोन तासांत फलाट नाहीसा झाला, २२ जण गेले. मदतीच्या घाईतही थांबून विचारायचं असतं, याचा एवढा जवळचा दाखला दुसरा नाही.

आता शिकाऊंबरोबर इंटर्नही आले आहेत. अभियांत्रिकीच्या मुलांचं इनप्लांट ट्रेनिंग जुनंच आहे. तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद एआयसीटीई, तिच्या २०१८ च्या आदर्श अभ्यासक्रमाने इंटर्नशिपला श्रेयांक दिले आणि संख्या वाढली. २०२४ मध्ये केंद्राची पंतप्रधान इंटर्नशिप योजना आली, राज्याची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली. कॉलेजचं पत्र घेऊन महिनाभर आलेल्या मुलाकडे १९६१ च्या कायद्याचा नोंदणीकृत करार नसतो, म्हणून कलम १६ ही नसतं. इजा झाली तर कोण देणं लागतो, हे प्रत्येक पत्रात वेगळं लिहिलेलं असतं, किंवा लिहिलेलंच नसतं. पालकांनी आणि कॉलेजांनी पहिल्या दिवसाआधी ते पत्र वाचून घ्यावं, एवढी माझी कळकळीची विनंती आहे.

परमिटच्या वहीला एक जोड जगात इतरत्र मिळाली आहे. अमेरिकेत १९८९ साली झालेल्या नियमाने यंत्रं बंद करून कुलूप लावण्याची पद्धत सक्तीची केली, आणि वीजनिर्मिती व वहनासाठी तसेच नियम १९९४ मध्ये आले. गटाने काम असेल तर काम करणारा प्रत्येक जण आपलं कुलूप लावतो आणि आपलं आपणच काढतो. त्यात शिकाऊही आला.

आपल्याकडे हे मी एकाच ठिकाणी पाहिलं. तिथल्या अभियंत्याने एबी स्विचच्या हँडलला तीन कुलपं बसतील अशी पट्टी करून घेतली होती. सकाळी वायरमनकाकांनी स्विच ओढला, तिघांनी माना वर करून ब्लेड मोजल्या, मग काकांनी आपलं कुलूप लावलं आणि दोन्ही पोरांना त्यांची लावायला सांगितलं. धाकट्याने किल्ली शर्टाच्या खिशात टाकली तर काका म्हणाले, “तिथं नको बाळा, वाकलास की पडंल. पँटच्या खिशात ठेव.”

दुपारी साडेचारला काम संपलं. काकांचं कुलूप निघालं, थोरल्याचं निघालं. धाकटा चार खांब पलीकडे दोर गोळा करत होता. उपकेंद्रातून फोन आला, गावातून तक्रारी येताहेत, अजून किती वेळ. काका स्विचखाली सावलीत बसले होते.

“थांबा जरा,” ते म्हणाले. “पोरगं किल्ली घेऊन येतंय.”