खुलासा: स्पेनमधले मठ यादवी युद्धाने ओस पाडले?

स्पेनमधला पडका मठ दिसला की ‘१९३६च्या यादवीत जाळला’ असं ठोकून दिलं जातं. त्या वर्षी चर्च आणि मठ जळाले, हजारो धर्मगुरू आणि साधू मारले गेले, हे खरंच आहे. मे १९३१मध्येही माद्रिदमध्ये मठ पेटवले होते. पण बहुतेक भग्न मठांची कहाणी त्याच्या शंभर वर्षं आधीची आहे.

१८०९मध्ये नेपोलियनचा भाऊ आणि तेव्हाचा स्पेनचा राजा जोसेफ बोनापार्टने पुरुष साधूंचे संघ बरखास्त केले. ते पुढे परतले. खरा घाव पडला १८३५-३७मध्ये. सरकार कर्जात बुडालेलं, कार्लिस्टांशी, म्हणजे राजगादीवर दावा सांगणाऱ्या डॉन कार्लोसच्या समर्थकांशी, युद्ध चालू. तेव्हा मेंदिसाबाल या मंत्र्याने मठ बंद करून त्यांच्या मालमत्ता लिलावात काढल्या. म्हणजे ज्यांचा दोष सांगितला जातो ते १९३६चे क्रांतिकारक नव्हे, तर सरकारी हुकूम आणि पैसेवाले खरेदीदार! जमावाचाही हात होताच: १८३५मध्ये बार्सिलोनात मठ जळाले. तिथला प्रसिद्ध बोकेरिया बाजार अशाच एका मठाच्या जागेवर आहे.

पोब्लेतचा मठ १८३५मध्ये रिकामा झाला. साधू परतले थेट १९४०मध्ये. साक्रामेनियाच्या मठाचा काही भाग तर अमेरिकी वृत्तपत्रसम्राट हर्स्टने १९२५मध्ये विकत घेऊन हजारो खोक्यांतून अमेरिकेला नेला. तो आज मायामीजवळ उभा आहे.

शेजारच्या पोर्तुगालनेही १८३४मध्ये असाच हुकूम काढला. जुन्या गोव्यातल्या सेंट ऑगस्टीनच्या मठाची पडझड त्यानंतरची.